निळ्या शाईने खोडलेली ओळ

४ ऑगस्ट, सोमवार. खामगाव.

वस्तुस्थिती, क्रमाने.

एक. पल्लवी, माझा धाकटा भाऊ मधुकर याची सून. वय चोवीस. मुक्काम वरवट बकाल. सहावा महिना चालू.

दोन. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिचे हिमोग्लोबिन ८.४.

तीन. तेव्हापासून उपकेंद्रातून मिळालेली लोहाची गोळी दिवसातून दोनदा, शिवाय कॅल्शियमची. दोन्ही नियमित चालू असल्याचे घरच्यांचे निवेदन.

चार. शनिवारचा अहवाल: ८.१.

पाच. गरोदरपणात रक्त पातळ होते हे गृहीत धरूनही, आठ आठवडे रोज दोनदा लोह पोटात गेल्यावर आकडा वर जातो. खाली येत नाही.

सहा. सबब, एक तर गोळ्या गिळल्या जात नाहीत, किंवा गोळ्यांत लोह नाही. तिसरी शक्यता संभवत नाही.

मधुकरला हे सर्व याच क्रमाने फोनवर सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "बाई, आपल्या पाण्यातच काही नाई. खारपाणपट्टा हाये हा. कपडे धुतले तं साबणाले फेस येत नाई, रक्त कुठून येईन?"

साबणाचा फेस आणि मानवी रक्त यांचा संबंध जोडणारा हा मनुष्य बारावी विज्ञान उत्तीर्ण आहे.

६ ऑगस्ट, बुधवार.

समोरच्या घरातील निवृत्त बँक अधिकारी आज टेबलावर सात बाटल्या मांडून बसले होते. बहुजीवनसत्त्वे, जस्त, ड जीवनसत्त्व, लोह, आणखी काहीबाही. सगळ्यांतील गोळ्या मुठीत एकत्र घेऊन चहाबरोबर गिळल्या. चहा लोहाचे शोषण अडवतो, हे मी त्यांना दोनदा सांगितले आहे. उत्तर: "मॅडम, चहाशिवाय माझं पोटच चालू होत नाही." ड जीवनसत्त्व कमी निघाले म्हणून महागडी भुकटी, आणि बसतात खिडकीला जाड पडदा लावून. खामगावात राहून उन्हाची टंचाई भोगणारा हा एकमेव प्राणी असावा.

दुपारी पल्लवीची सासू निर्मला हिचा फोन. तिने बीट सुरू केले आहे, कारण बीट लाल असते. या न्यायाने वांगी खाणारा अख्खा जिल्हा एव्हाना जांभळा व्हायला हवा होता. तसे तिला म्हणाले. ती हसली नाही.

तीस वर्षे आहारशास्त्र शिकवले. कोणाला, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नाही.

९ ऑगस्ट, शनिवार. वरवट बकाल.

राखी. खामगावहून सकाळच्या एस.टी.ने, शेगावला गाडी बदलून. मधुकरला ओवाळले आणि लगेच तपासणीस बसले.

पल्लवीच्या पापण्यांची आतली बाजू पांढुरकी. नखे सपाट. शिवाय पाटीवरची पेन्सिल खाते. निर्मला ते लाडाने सांगत होती, डोहाळे म्हणून. हे डोहाळे नव्हेत, शरीराची लोहासाठी चाललेली भीक आहे. असे म्हटल्यावर पल्लवीने हातातला तुकडा पदराआड केला.

तिला बाजूला घेऊन विचारले, खरे सांग, गोळ्या टाकून देतेस का? ती आत जाऊन कापडी पिशवी घेऊन आली. त्यात रिकामी पाकिटे, एकात एक अडकवून, महिन्यावार सुतळीने बांधलेली. "एकही चुकली नाई, आत्या. उलटी झाली त्या दिवशी पुन्हा घेतली."

रिकामे पाकीट हा गिळल्याचा पुरावा नव्हे. मोरीही गोळ्या गिळते. तसे तिला सांगितले. तिने पिशवी परत बांधली, तेवढेच.

घरात एकच गोष्ट जागच्या जागी दिसली: माझे पत्रक. 'गरोदर मातेचा आहार', एकपानी, दुसरी आवृत्ती. निवृत्तीनंतर मी स्वतः लिहिले, स्वतः तपासले, आणि महिला मेळाव्यांतून ते गावोगाव गेले. पल्लवीच्या लग्नात तिला मी स्वहस्ते दिले होते. निर्मलाने त्याला प्लास्टिकचे आवरण करून देवघराच्या दारावर चिकटवले आहे. निदान कागदाचा मान राखण्याइतकी समज या घरात आहे.

दुपारी अंगणवाडीत गेले. भिंतीवर तेच पत्रक, परंतु विद्रूप केलेले. खालच्या भागातील एक अख्खी ओळ निळ्या बॉलपेनने गिरवून टाकलेली, इतकी की खालचे एक अक्षरही दिसत नाही. शेजारच्या दोन घरांत विचारले. दोन्हीकडे पत्रक होते आणि दोन्हीकडे तीच ओळ खोडलेली. "आशाताईनं खोडली," असे अंगणवाडीची सेविका सहज म्हणाली. आशाताई म्हणजे उज्ज्वला, गावची आशा कार्यकर्ती, शिक्षण दहावी. ती तेव्हा फेरीवर गेली होती.

खोडलेली ओळ कोणती, हे बारकाईने पाहण्याची मला गरज वाटली नाही. त्या पत्रकातील प्रत्येक ओळ आवश्यक आहे.

आता सर्व उलगडले. ज्या गावात शास्त्रीय सूचना खोडल्या जातात, त्या गावात रक्त वाढणार कसे?

११ ऑगस्ट, सोमवार. खामगाव.

उज्ज्वलास पत्र लिहिले. तीन मुद्दे: कोणत्या अधिकाराने खोडले, कोणत्या शास्त्रीय आधारावर खोडले, किती घरांत खोडले. खुलासा लेखी मागवला. प्रत माहितीस्तव प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांस. त्या प्रतीत एक वाक्य अधिक घातले: संबंधित सेविकेकडे माता आणि बालके सोपवणे सुरक्षित आहे काय, याचा विचार व्हावा.

मसुदा चार वेळा लिहिला. चौथा निर्दोष. रजिस्टर पोस्टाने रवाना.

१४ ऑगस्ट, गुरुवार.

पल्लवी गोठ्याच्या दारात चक्कर येऊन पडली. पोटाला मार नाही. आरोग्य केंद्रात नेले, हिमो. ७.६. डॉक्टरांनी शिरेतून लोह द्यावे लागेल काय याचा विचार चालवला आहे. याहून खाली गेले तर इथे बाळंतपण नाही, रक्ताची सोय करून बुलढाण्यालाच. गोपाल, म्हणजे तिचा नवरा, तिच्याजवळ बसून आहे.

मधुकर हे सगळे एका दमात बोलला. मग म्हणाला, "बाई, एक विचारू? तुमच्या कागदात हाये तसंच करून राह्यलो आमी. अक्षर न् अक्षर. मंग काऊन असं?"

मी म्हणाले, अक्षर न् अक्षर केले असते तर असे झाले नसते.

फोन ठेवल्यावर दोन तास काही केले नाही. हे नोंदवून ठेवते, कारण असे क्वचित होते.

१६ ऑगस्ट, शनिवार.

उज्ज्वला आली. इथे, खामगावला, न कळवता. प्रशिक्षणाला आली होती म्हणाली. चाळिशीची असावी. हिरवी किनार असलेली गणवेशाची साडी, खांद्याला रेक्झिनची पिशवी. चपला बाहेर ओळीत काढल्या, हे लक्षात आले.

मी म्हणाले, खुलासा लेखी मागवला होता.

"मले तुमच्यावाणी लिवता येत नाई, मॅडम. म्हणून आले."

पिशवीतून पत्रकाची एक प्रत काढली, खोडलेली. ती उलटी करून खिडकीच्या काचेवर धरली. मागून ऊन येत होते. बॉलपेनच्या गिचमिडीतून छापील अक्षरे उलटी का होईना, पण दिसू लागली. "वाचा. मी नाई वाचत. तुमीच वाचा."

वाचले. 'लोह व कॅल्शियमच्या गोळ्या जेवणानंतर दुधासोबत घ्याव्यात.'

ही ओळ माझी नाही, असे मी ताबडतोब म्हणाले. तिने दुसरा कागद काढला, घडीवर फाटलेला, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला. माझ्याच पत्रकाची पहिली आवृत्ती. तिच्यात दोन स्वतंत्र ओळी आहेत. लोहाची गोळी सकाळी उपाशीपोटी, लिंबूपाण्यासोबत. कॅल्शियमची जेवणानंतर, दुधासोबत. दोहोंत किमान दोन तासांचे अंतर.

"ट्रेनिंगमदी हाच कागद भेटला होता मले. मी बायांले असंच सांगते. लोह लिंबासंग, कॅल्शियम दुधासंग, दोघी सवतींची गाठ पडू द्यायची नाई. नवा कागद आला तं दोघींले एकाच ताटात जेवाले बसवलं होतं. मंग मी ओळ खोडत गेली, जिथं दिसली तिथं."

आतड्याच्या दाराशी कॅल्शियम आले की लोहाला वाट मिळत नाही, हे मी तीस वर्षे फळ्यावर आकृती काढून शिकवले. या बाईने ते सवतींच्या उपमेत बसवले आणि एकही शब्द चुकवला नाही.

विचारले, पल्लवीच्या घरची प्रत का खोडली नाही?

"तुमच्या भावजयीनं हात लावू देल्ला नाई. देवघराच्या दाराचा कागद. तिनदा सांगतलं त्याइले. त्या म्हणे, आमच्या बाई डॉक्टरेट हायेत, तू जास्त शिकली काय वं?"

आणि मला का कळवले नाही? हे मी जरा चढ्या आवाजात विचारले.

तिने साडीचा पदर नीट केला. "कळवलं होतं. पाराच्या मेळाव्यात चिठ्ठी देल्ली होती तुमच्या हातात. तुमी थितंच पेन काढलं. चिठ्ठीतल्या चुका लाल शाईनं दुरुस्त केल्या अन् मले वापस देल्ली."

चहा विचारला. "लोहाची गोळी घेऊन निंघाली मी, चहा नको," म्हणाली, आणि निघाली.

मला ती चिठ्ठी आठवते. ऱ्हस्वदीर्घाच्या अकरा चुका होत्या. मजकूर काय होता ते आठवत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार.

सकाळपासून छापखान्याला देण्याचे पत्र मनात तयार करीत होते. जुळणीकाराने दोन ओळींची एक केली, हे उघड. असले लोक मजकूर वाचत नाहीत, जागा भरतात. त्याला चांगला धडा शिकवण्याइतका तपशील हाताशी असावा म्हणून दुसऱ्या आवृत्तीची मुद्रिते, म्हणजे छपाईपूर्वीची प्रूफे, काढली. सर्व मुद्रिते मी फायलीत ठेवते.

जुळणीकाराने दोन्ही ओळी बरोबर जुळवल्या होत्या. त्यांवर माझी काट आहे. माझे अक्षर, माझी लाल शाई, समासात माझी सही. कारणही मीच बाजूला लिहिले आहे: 'डावा स्तंभ उजव्यापेक्षा एका ओळीने लांब. मजकूर आटोपशीर करून दोन्ही स्तंभ समान करावेत.'

स्तंभ समान झाले. आज पट्टी लावून पाहिले, केसभरही फरक नाही.

आयुष्यभर मी अशा माणसांची कीव केली जी कागदाचा मजकूर न वाचता त्याचे रूप पाहतात.

१८ ऑगस्ट, सोमवार. वरवट बकाल.

पहिल्या गाडीने आले. देवघराच्या दारावरचे पत्रक काढू लागले, तर निर्मलाने हात धरला. सांगितले, या कागदात चूक आहे.

"कोणाची?"

माझी, असे म्हणाले. हा शब्द तोंडून जाण्यास अपेक्षेपेक्षा कमी वेळ लागला.

निर्मला पाटावर बसली. "लोहाची गोळी उष्ण पडते, म्हणून दूध बराबर हाये असंच वाटे मले. दूध थंड. मी रोज पेलाभर दूध जबरीनं पाजलं हिले. म्हशीचं. नाई म्हणे तं रागावली मी तिच्यावर." मग माझ्याकडे पाहून: "काल दूध चांगलं होतं, आज वाईट झालं. उद्या लिंबू वाईट निंघालं तं?"

हा प्रश्न अशास्त्रीय आहे. लिंबातील क जीवनसत्त्व लोहाला शोषणयोग्य रूप देते, वगैरे सांगू लागले. ती ऐकत होती, पण तिचे ऐकणे संपले होते. शेवटी मधुकरने उज्ज्वलास बोलावून आणले. तिने उंबऱ्यातूनच सांगितले, "लोहाच्या दोन्ही गोळ्या लिंबासंग, कॅल्शियमची राती दुधासंग, चहा दूर." निर्मला म्हणाली, बरं. इतकेच. तीस वर्षांच्या अध्यापनात मला असे एक 'बरं' मिळालेले स्मरत नाही.

पल्लवी खाटेवर होती. तिला मी मोरीविषयी जे बोलले होते ते मागे घ्यावयास गेले. वाक्य घरूनच तयार करून नेले होते. तिने ते पूर्ण होऊ दिले नाही.

"मी एकही चुकवली नव्हती, आत्या."

"ठाऊक आहे."

"तवा नव्हतं ना ठाऊक."

मी शिकवलेल्या कोणत्याही विद्यार्थिनीने इतका नेमका दोष माझ्यासमोर ठेवलेला नाही. पिशवी तिच्या उशाशीच होती.

२० ऑगस्ट, बुधवार. खामगाव.

वैद्यकीय अधिकाऱ्यांस पत्र. तक्रार निराधार, ती बिनशर्त मागे. दोष पत्रकाच्या लेखिकेचा. संबंधित सेविकेने तो वेळीच ओळखून दुरुस्त केला, याची नोंद तिच्या नावे व्हावी. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रती जिथे सापडतील तिथून काढाव्यात.

कुठे सापडतील हे मला ठाऊक नाही. मेळाव्यांत गठ्ठेच्या गठ्ठे वाटले. किती दारांवर प्लास्टिक लावून चिकटवले गेले असेल. चुकीचा कागद फाटका असता तर बरे झाले असते, माझा मात्र देखणा होता.

समोरच्या बाटल्यावाल्या गृहस्थांनी विचारले, मॅडम, हल्ली दिसत नाही? मी म्हणाले, स्वतःच्या चुका वाचत असते. ते मोठ्याने हसले. विनोद समजून.

२६ ऑगस्ट, मंगळवार.

हरतालिका. सकाळी मधुकरला फोन केला, ७.६ हिमोग्लोबिन असलेल्या गरोदर मुलीला निर्जळी उपवास घडवणारी बुद्धी कोणत्या रानात उगवते, हे विचारण्यासाठी. तयारी करूनच बोलू लागले.

त्याने मध्येच थांबवले. उज्ज्वला कालच येऊन गेली होती. निर्मलाला म्हणाली, बाळाचं पाणी तोडायचं नाई, अन् लिंबूपाणी उपवासाले चालते; व्रत बी राह्यलं, गोळी बी गेली. निर्मलाने स्वतः लिंबू पिळून दिले. दुपारसाठी राजगिऱ्याचे लाडू, भगर.

मी माझे भाषण परत आत ठेवले. ते उत्तम होते.

७ सप्टेंबर, रविवार.

पत्रकाची तिसरी आवृत्ती लिहावयास घेतली. पहिल्या ओळीवर थांबले. 'मातेने' लिहिले आणि पुढे गेले नाही. पूर्वी पुढची ओळ आपोआप येत असे. आता प्रत्येक ओळीशी पल्लवी उभी राहते आणि विचारते, हे कशासोबत घेऊ?

डावा स्तंभ लांब होणार आहे. होऊ द्यावा.

१५ सप्टेंबर, सोमवार.

गोळ्यांची वेळ बदलून चार आठवडे पूर्ण. शिरेतून लोह द्यायचे की नाही, हे डॉक्टर या चाचणीवर ठरवणार होते. चाचणी शनिवारी व्हायची होती, झाली असे गोपालने व्हॉट्सॲपवर कळवले. आकडा कळवला नाही. तो 'चांगलं आहे आत्या' असे लिहितो आणि हात जोडल्याचे चित्र टाकतो. ही माहिती नव्हे.

फोन करता येईल. करीत नाही. मधुकर आकडा गोल करून सांगतो. ७.८ असेल तर आठ म्हणेल, आणि मी त्यावर दिवसभर विश्वास ठेवीन.

उज्ज्वलास आज पत्र टाकले. मसुदा एकदाच लिहिला. प्रत येथे उतरवून ठेवते.

'सौ. उज्ज्वलाताई यांस सप्रेम नमस्कार.

पुढील तीन बाबी कळाव्यात.

एक. शनिवारी पल्लवीचे हिमोग्लोबिन किती भरले. आकडा दशांशासह, जसा यंत्राने दिला तसा. कमी असला तरी.

दोन. ती पाटीवरची पेन्सिल अजून खाते काय. हे मला विचारता येत नाही. तुम्हांस ती सांगेल.

तीन. सोबत तिसऱ्या आवृत्तीचा कच्चा मसुदा जोडला आहे. यातील कोणती ओळ तुम्ही दारावरच्या कागदात खोडली असती, ती निळ्या शाईने खोडून पाठवावी. कारण बाजूला लिहावे. मी लाल पेन घरात ठेवलेले नाही.

उत्तर फोनवर नको. परत येण्यासाठी पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट सोबत आहे.

लेखी उत्तर द्यावे.'